सरांच्या खिशातले नऊ स्विच

आमच्या टायपिंगच्या सरांना नमस्कार केला, तर ते उलट नमस्कार करत नसत. “हात दाखव,” म्हणायचे. आपण हात पुढे केला की तो उताणा करायचे, बोटांची टोकं बघायचे, मनगटाच्या आतल्या बाजूला अंगठा जरा वेळ टेकवायचे आणि मग “बस” म्हणायचे. पहिल्या दिवशी मला वाटलं, हे हात बघून भविष्य सांगतात. मी धीर करून विचारलं, “सर, नोकरी लागेल ना?”

सर म्हणाले, “ते मला काय माहीत? नखं काप आधी. करंगळी घसरेल.”

मुरबाडात एका बी-बियाण्यांच्या दुकानाच्या वर त्यांचा क्लास होता. बाहेरून लोखंडी जिना, वर पत्रे, आत दहा कॉम्प्युटर. खालून खताचा वास यायचा आणि वरून उन्हाचा ताव. आमच्याकडच्या मुलामुलींना बारावी झाली की कोणीतरी विचारतंच, “तीस-चाळीस झालं का?” म्हणजे मिनिटाला मराठी तीस आणि इंग्रजी चाळीस शब्दांची सरकारी परीक्षा. ती झाली की कारकुनाच्या जागेसाठी अर्ज करता येतो. त्या दोन आकड्यांसाठी आम्ही धसई, म्हसा, सरळगाव अशा सगळ्या बाजूंनी एसटीने येऊन तो जिना चढायचो. बाकीच्या क्लासमध्ये त्या दोन आकड्यांची तयारी होत असे. आमच्या सरांना आकड्यांत रस नव्हता. त्यांना बोटांत रस होता.

महिन्यातून एका रविवारी सर सगळ्या कीबोर्डांची बटणं चमच्याच्या दांड्याने उपटून काढायचे, साबणाच्या पाण्यात धुवायचे आणि गॅलरीत दोन सुपांत पसरून वाळत घालायचे. खाली दुकानात आलेल्या बायका मान वर करून विचारायच्या, “सर, काय वाळत घातलंत? सांडगे काय?”

“अक्षरं,” सर सांगायचे. “वारा सुटला तर हाक मारा.”

वाळलेली बटणं परत लावायचं काम आमचं. भिंतीवरच्या अक्षरांच्या तक्त्याकडे बघायला परवानगी नव्हती. ज्याने जो कीबोर्ड लावला, त्याने तोच महिनाभर वापरायचा. एकदा मी दोन बटणांची अदलाबदल केली. सरांच्या ते लक्षात आलं, पण त्यांनी बोट दाखवलं नाही. तीन दिवस मी चुकीचं अक्षर बघत बरोबर टाइप करत राहिले. चौथ्या दिवशी सर म्हणाले, “तुला ते बटण दिसत नाही म्हणजे तू शिकलीस. आता सरळ लाव, नाहीतर दुसरा कोणी रडेल.”

त्यांच्या टेबलावर खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या ओळीने ठेवलेल्या असत आणि प्रत्येकीत थोडे थोडे तांदूळ. नवीन माणसाला ते दुकानातले नमुने वाटायचे. ती सरांची प्रयोगशाळा होती. एखादा नवा कीबोर्ड हाती आला की सर त्याच्या एका बटणावर बाटलीचं झाकण ठेवायचे आणि कागदाच्या पुडीतून त्यात तांदूळ सोडत राहायचे. बटण खाली गेलं की हात थांबवायचा. तेवढे तांदूळ बाटलीत, बाटलीवर चिठ्ठी. “हा कीबोर्ड एवढा भात खातो,” ते सांगायचे. “आता दिवसाची बटणं किती दाबतेस त्याचा हिशेब कर. पोती उचलतेस तू पोती, बसल्या जागी.” त्यासाठी तांदूळ वर्षाचा जुनाच लागायचा. नवा तांदूळ ओलसर असतो, वजनाला फसवतो, असं त्यांचं म्हणणं होतं. आमच्यातल्या एकाने घरून चांगला नवा तांदूळ आणून दिला, तो सरांनी परत पाठवला. “हा जेवायला चांगला,” म्हणाले.

आणि त्यांच्या शर्टाच्या खिशात पेनाऐवजी ते असायचं. हाताच्या पंजापेक्षा लहान एक काचेसारखी पट्टी, तिच्यावर नऊ स्विच. साध्या कीबोर्डात बटणाखाली रबराची एक चादर असते, ती तळापर्यंत दाबल्याशिवाय अक्षर उमटत नाही. मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो, त्यात बारीक स्प्रिंग, आणि अर्ध्या वाटेवरच अक्षर उमटतं. हे सगळं मी तिथेच शिकले. त्या नऊ स्विचांची सरांनी तीन घराणी केली होती. दाबल्यावर टिक असा आवाज करतो तो चुगलखोर. काही न बोलता सरळ खाली जातो तो मुका. आणि आवाज करत नाही पण वाटेत बोटाला एक बारीकसा उंचवटा लागतो, जणू मान हलवतो, तो होकारी. एसटीत बसले की सरांचा अंगठा त्या पट्टीवर चालू. एकदा कंडक्टर वैतागून म्हणाला, “मास्तर, ते टिकटिक बंद करा वो. ड्रायव्हरला वाटतंय मी बेल मारतोय.” सरांनी तेवढं ऐकलं आणि चुगलखोर सोडून मुक्यावर आले.

एवढं सगळं, पण सरांना टाइप करताना कोणी पाहिलं नव्हतं. फळ्यावर लिहायचे, पत्र लिहायचं तर आमच्यातल्या कोणाला तरी सांगायचे. आमच्या बॅचमध्ये चर्चा असायची, “सरांना टायपिंग येतच नसेल रे.” दुसरा म्हणायचा, “पोहायला शिकवणारे काठावरच उभे असतात.” सर नेहमी बिनगुंड्यांचा, डोक्यातून घालायचा सदरा घालायचे, खिसा मात्र मोठा. तीही त्यांची एक लहर असेल, असं आम्ही धरून चाललो होतो.

माझं तीस झालं, चाळीस झालं, पुढे बीए झालं. आमच्या घरात शाळेच्या पुढे गेलेली मीच पहिली. आईवडील भातशेती करतात, भात निघाल्यावर वाल, भेंडी, काकडी, आणि आई ते धसईच्या बाजारात विकते. मला शहापूरला एका वकीलसाहेबांकडे काम मिळालं. जमिनींची खरेदीखतं, बक्षीसपत्रं, करारनामे. सकाळी दहापासून संध्याकाळी सातपर्यंत टाइपच टाइप. चार वर्षं मी ते मन लावून केलं.

मग उजवा हात दुखू लागला. आधी अंगठ्याच्या मुळाशी, मग मनगट, मग सकाळी उठल्यावर तीन बोटांना मुंग्या. वेणी घालताना हात मध्येच खाली यायचा. नेमकं त्याच सुमारास न्यायालयातल्या टंकलेखकाच्या जागेसाठी मी दिलेली लेखी परीक्षा पास झाल्याचं कळलं. आता टायपिंगची चाचणी उरली होती, दोन महिन्यांनी, ठाण्याला. ती झाली की कायमची नोकरी. वयाची अट बघता मला ही संधी परत मिळणार नव्हती. डॉक्टरांनी हात दाबून पाहिला आणि सांगितलं, टायपिंग थांबवा, नाहीतर हा हात कायमचा जाईल. मी विचारलं, “दोन महिन्यांनी थांबवलं तर?” ते म्हणाले, “तुमची मर्जी.”

त्या शनिवारी मी मुरबाडला उतरले आणि लोखंडी जिना चढले. हाताला पट्टी बांधलेली होती. सरांनी नमस्काराची वाट न बघता हात ओढून घेतला, पट्टी सोडली, मनगटावर अंगठा ठेवला. यावेळी बराच वेळ ठेवला.

“टेबल किती उंच आहे?” त्यांनी विचारलं.

“कसलं टेबल, सर?”

“ज्याने हे केलं ते.”

सोमवारी अकरा वाजता सर शहापूरला आमच्या ऑफिसात हजर. किन्हवलीवरून येणारी गाडी पकडून आले होते. पिशवीत शिंप्याची टेप, खडू आणि एक कीबोर्ड. पक्षकार बसलेले, वकीलसाहेब फोनवर, आणि सर सरळ माझ्या टेबलाखाली शिरले. मी लाजेने अर्धी झाले.

वकीलसाहेबांनी फोन ठेवला. “हे कोण?”

“माझे सर,” मी म्हटलं.

“खाली काय करतायत?”

टेबलाखालून आवाज आला, “साहेब, टेबल अडीच इंच जास्त उंच आहे. पोरगी खांदे वर करून बसते. पाय कापावे लागतील.”

“कोणाचे?”

“टेबलाचे.”

“अहो, वडिलांच्या वेळचं सागवानी टेबल आहे ते! आज टेबलाचे पाय कापा म्हणताय, उद्या माझे कापा म्हणाल.”

सर बाहेर आले, गुडघे झटकले आणि शांतपणे म्हणाले, “तुमचे बरोबर आहेत, मी बघितले.” पक्षकार हसले, वकीलसाहेबही हसले. शेवटी टेबलाऐवजी खुर्ची उंच करायची आणि माझ्या पायाखाली दोन जाड कायद्याची पुस्तकं ठेवायची असं ठरलं. जुनी आवृत्ती, रद्द झालेली. वकीलसाहेबांनी ती स्वतः काढून दिली.

मग सरांनी पिशवीतला कीबोर्ड काढला. तो मधोमध दोन तुकड्यांत होता, दोघांना जोडणारी एक वायर. पुण्यात नोकरी करणाऱ्या त्यांच्या एका जुन्या विद्यार्थ्याने त्यांना पाठवलेला. सरांनी एक तुकडा माझ्या डाव्या खांद्यासमोर ठेवला, दुसरा उजव्या, आतल्या कडा खाली पुठ्ठा सारून थोड्या उंच केल्या. “हात जोडून बसायला हे देऊळ नाही. खांद्याच्या सरळ रेषेत हात, आणि तळवे थोडे एकमेकांकडे. मनगट वाकता कामा नये.” मी हात ठेवले. मनगटं खरोखर सरळ पडली होती. एवढी वर्षं मी ती बाहेरच्या बाजूला मुरगळून बसत होते, हे मला तेव्हा कळलं.

स्विच सरांनी तांदूळ घालून निवडला होता. सगळ्यांत कमी भात खाणारा, मुका. फुंकर मारली तरी खाली जाईल असा. “दुखऱ्या हाताला हलकं बटण,” सर म्हणाले, “यात विचार करण्यासारखं काही नाही.” चाचणीला स्वतःचा कीबोर्ड आणता येईल, असं न्यायालयाच्या पत्रात लिहिलेलं होतं. सरांनी ते पत्र दोनदा वाचून घेतलं होतं.

पहिला आठवडा मी हवेत होते. खांदे उतरले, मनगट मोकळं झालं. दुसऱ्या आठवड्यात बोटांची टोकं दुखू लागली. तिसऱ्या आठवड्यात मुंग्या परत आल्या, आधीपेक्षा जास्त, आता करंगळीलाही. चुकाही वाढल्या, नुसता हात टेकला तरी अक्षर उमटायचं. चाचणीला महिना उरला होता. मी सरांना फोन करून सांगितलं. त्यांनी कुठलं बोट, किती वेळाने, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाले, “असं व्हायला नको.” आणि थोड्या वेळाने पुन्हा, “असं व्हायला नको होतं.” सर कोड्यात पडलेले मी पहिल्यांदा ऐकले. मला हाताच्या दुखण्यापेक्षा त्याची भीती वाटली.

मी सुट्टी टाकून घरी गेले. आई म्हणाली, “रवू दे गो ती नोकरी. दोन घास काय नाय मिळत घरात?” ती मायेनेच म्हणाली, पण त्या वाक्याने मी आतून खचले. बाजाराच्या दिवशी मी तिच्याबरोबर धसईला गेले. माझ्याने टोपली उचलवत नव्हती, नुसती सोबत. वालाच्या शेंगांचा ढीग लावून आम्ही बसलो होतो, आणि समोरून सर आले. आदल्या दिवशी मी फोनवर कुठे असेन ते सांगितलं होतं, पण ते येतील असं वाटलं नव्हतं. ते सरळ आमच्या गोणपाटावर मांडी घालून बसले.

आई गडबडली. “सर, खाली कशाला? उभी राव दे मना, माझा डबा देते बसायला.”

“असू द्या ताई. हिच्या बोटांचं काम आहे.”

त्यांनी खिशातली पट्टी काढून माझ्या हातात दिली. “डोळे मीट. एकेक दाब. कुठला नको वाटतो ते सांग.” मी दाबत राहिले. मला सगळेच नको वाटत होते. गिऱ्हाईक येत होतं, जात होतं. एक म्हातारा शेतकरी वाकून म्हणाला, “सर, हे रिमोट काय टीव्हीचं?” आणि चुगलखोरावर तीन-चारदा अंगठा मारून खूश होऊन गेला.

आई मघापासून वालाच्या शेंगांवरून माझ्या हाताकडे बघत होती. “बघू,” म्हणत तिने पट्टी घेतली. एकेक स्विच दाबला. मुक्यापाशी आली तेव्हा तोंड वाकडं केलं. “ह्याच्यात कायच नाय. चिखलात पाय गेल्यासारखं जातंय.” होकाऱ्यापाशी ती थांबली. पुन्हा दाबला. पुन्हा. “ही बरी. हिला समजतं.”

“काय समजतं, ताई?” सर पुढे सरकले.

“बोटाला सांगते ना ती, आता बस.” आईने तीन बोटं जुळवून हवेत रोप लावल्यासारखं केलं. “आवणीला रोप खोचतो ना आमी, तसा. बोट चिखलात जातंय, मग खालची घट्ट माती लागते. लागली का सोडायचा. त्याच्या खाली नाय जायचं. खाली गेलं तर रोप दबतंय, फुटवा येत नाय, आन आपली बोटंबी जातात.” मग माझ्याकडे मान वळवली. “ही पयल्यापासून खोल खोचते. हिची ओळ कायम मागं. मी किती वेळा बोंबलले हिच्यावर. शाळा शिकली, पण हाताला ती सवय ऱ्हायलीच.”

सर माझ्याकडे बघत राहिले. “टाइप कर,” म्हणाले.

“कुठे, सर?”

“इथे. गुडघ्यावर. करारनाम्याची पहिली ओळ.”

मी माझ्या मांडीवर बोटं चालवली. सरांनी माझ्या बोटांखाली आपला तळवा सरकवला. दोन ओळी झाल्यावर त्यांनी हात काढून घेतला आणि तो चोळला.

“ताई,” ते म्हणाले, “ही माझ्याकडे वर्षभर होती. मी हिचे हात रोज बघितले. हे मला दिसलं नाय.”

“तुमी वरून बघितलंत,” आई म्हणाली. “ते खालून कळतं.”

सर मोठ्याने हसले. मग हिशेब मांडल्यासारखं बोलू लागले. हलका स्विच दिला, म्हणजे बोटाला अडवणारं कोणीच उरलं नाही. माझं बोट सगळा जोर घेऊन तळावर आपटत होतं, दिवसातून हजारो वेळा. बटण हलकं होतं, तळ कठीण होता. “मी तांदूळ वरून मोजले,” ते म्हणाले. “तळाला काय बसतं ते मोजलंच नाही.”

आईने तेवढ्यात एका गिऱ्हाइकाला शेंगा तोलून दिल्या आणि मागे वळून, आम्ही एवढ्या वर्षांत जे विचारलं नव्हतं ते सहज विचारून टाकलं. “सर, तुमच्या हाताला काय झालं वो?”

मी चमकून पाहिलं. सरांची बोटं मी रोज पाहिली होती, पण ती पूर्ण सरळ होत नाहीत, हे माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

“टाइप करायचो,” सर म्हणाले. “जुन्या मशिनीवर. कचेरीत एकावेळी पाच प्रती लागायच्या. मध्ये चार कार्बन. शेवटची प्रत वाचता यायला पाहिजे, म्हणून बटणावर घाव घालायचा. माझी शेवटची प्रत सगळ्यांत ठळक. साहेब दुसऱ्यांना दाखवायचे. चाळिशीच्या आत बोटं गेली.” त्यांनी सदऱ्याच्या गळ्याकडे बोट केलं. “गुंडी लावता येत नाही. म्हणून हे असलं. माझं दुखणं जडपणाचं होतं ताई, म्हणून मला वाटलं सगळ्यांचं औषध हलकेपणाच.”

आईने त्यांची पिशवी ओढून घेतली आणि त्यात वालाच्या शेंगा भरल्या, वर दोन मूठ जास्त.

सरांनी होकारी स्विच मागवले. त्या कीबोर्डातले स्विच चिमट्याने उपटून दुसरे बसवता येत होते. पार्सल आलं त्या दिवशी आम्ही क्लासात बसून सगळे बदलले. चिमटा मी धरायचा, कारण सरांना धरता येत नव्हता. कुठला आधी आणि कसा, ते सरांनी सांगायचं. एका स्विचची पिन वाकली तेव्हा ते असे कळवळले की जणू माझं बोट वाकलं. सगळ्या बटणांना एकच स्विच, यावर त्यांनी समाधान मानलं नाही. करंगळीच्या बाजूला थोडे हलके, अंगठ्याच्या लांब बटणाला थोडा दमदार, असं त्यांनी माझ्या हाताला धरून ठरवलं. शिंपी जसा एका बाजूचा खांदा उतरता असलेल्या माणसाचा सदरा बेततो, तसं. दुकानातला कितीही भारी कीबोर्ड आणला, तरी तो कोणाच्या तरी हाताला बेतलेला असतो, तुझ्या नाही, एवढं ते म्हणाले.

कीबोर्ड झाला, पण माझी सवय तशीच होती. सर म्हणाले, पंधरा दिवस गतीचं नाव काढायचं नाही. बटणाला उंचवटा लागला की बोट वर. पुढे जायचं नाही. रोज सकाळी अर्धा तास, मध्ये मध्ये हात सोडून बसायचं. मी इतकी हळू टाइप करायचे की वकीलसाहेब म्हणाले, “तुम्ही खरेदीखत लिहिताय का विणताय?” पण त्यांनी काम काढून घेतलं नाही. घाईचे कागद तेवढे ते दुसरीकडून करून घेत.

पहिल्या आठवड्यात मी कितीदा तरी तळाला आपटले. तसं झालं की मला धसईच्या बाजारातला आईचा आवाज ऐकू यायचा. दुसऱ्या आठवड्यात एक दिवस सकाळी उठले आणि चहा गाळून झाल्यावर लक्षात आलं, की मी पातेलं उजव्या हाताने उचललं होतं. सरांना फोन केला. ते म्हणाले, “एका पातेल्याने हुरळू नको. पाण्याची कळशी झाली की सांग.” गती हळूहळू परत आली. तिला बोलवावं लागलं नाही.

चाचणीच्या दिवशी ठाण्याच्या त्या हॉलमध्ये पर्यवेक्षक बाईंनी माझ्या टेबलापाशी थांबून बघितलं.

“अगं, तुझा कीबोर्ड तुटलाय.”

“नाही मॅडम. दोन भागांचाच असतो.”

“दोन्ही चालतात?”

“एकदमच चालतात, मॅडम.”

त्यांनी वायर हातात घेऊन पाहिली, पत्रातली अट पाहिली, शेजारच्या बाईंना बोलावलं. दोघींचं काही बोलणं झालं. तेवढ्या दोन मिनिटांत माझ्या डोळ्यांपुढून सगळं निघून गेलं, ही जागा, कायमची नोकरी, घरी परत जाणं. मग बाई म्हणाल्या, “बस. लाव.” उतारा न्यायालयाच्या निकालपत्रातला होता. माझ्या दोन्ही बाजूंना बटणांचा पाऊस पडत होता. माझा आवाज मलाच ऐकू येत नव्हता. मी घड्याळाकडे पाहिलं नाही. उतारा संपला तेव्हा थोडा वेळ उरला होता, आणि तेवढा वेळ मी हात मांडीवर ठेवून बसले.

यादीत माझं नाव मधोमध होतं. पहिलं नाही, शेवटचं नाही. मी घरी होते, आईच्या शेजारी उभी राहून सरांना फोन लावला.

“सर, नाव लागलं.”

“हात?”

“नाही दुखत.”

“चाचणीनंतर दुखला?”

“नाही, सर.”

“आताही नाही?”

“आताही नाही.”

शाबासकी वगैरे काही नाही. “ताईंना फोन दे,” म्हणाले.

आईने फोन कानाला उलटा धरला, मी सरळ करून दिला. ती ऐकत राहिली. “नाय वो सर... मना काय येतंय त्यातलं... नाय नाय...” मग हसली, आणि “बरं, बघते,” म्हणून फोन मला परत दिला. फोन बंद झाला होता.

“काय म्हणाले?”

“रविवारी ये म्हणतो. नवीन पोरी आल्यात क्लासात. त्यांचे हात बघायला.”

मी त्या क्लासात वर्षभर गेले, पण आई तो जिना कधी चढली नव्हती. मुरबाडला आली तरी खाली थांबायची, वर हाक मारायची. त्या रविवारी ती लग्नाकार्याला नेसायचं लुगडं नेसली. जिन्याच्या पहिल्या पायरीवर तिने चपला काढायला घेतल्या, तेव्हा सर वरून म्हणाले, “ताई, पत्रा तापलाय, घालून या.” आत सहा मुली उभ्या होत्या. बहुतेक आमच्याच बाजूच्या, डोंगराखालच्या गावांतल्या, माझ्यासारख्याच नखं वाढवून आलेल्या. सरांनी आपली खुर्ची ओढून आईपुढे ठेवली आणि स्वतः बाकावर बसले, वही उघडून. आई खुर्चीच्या कडेवर टेकली. पदर नीट केला. पहिली मुलगी हात पुढे करून आली, घाबरलेली. आईने तिचा पंजा उचलून आपल्या तळहातावर उपडा ठेवला, आणि बोटांकडे न बघता तिच्या तोंडाकडे बघत विचारलं, “कोनाची गो तू?”